समलंब चौकोन सोडवायचा कसा: परकराच्या कळीपासून परीक्षेच्या पेपरापर्यंत

मी शिवणकाम करते. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले तेव्हा वय ४१ होतं आणि वही-पेनाशी संबंध उरला होता तो गिऱ्हाइकांची मापं लिहिण्यापुरता. बीजगणिताने फार छळलं नाही, हिशेबाचा हात होता. अडले ती समलंब चौकोनाशी. कुठले दोन कोन मिळून १८०, कुठले दोन सारखे, कधी निम्मं करायचं आणि कधी नाही, याचा असा गुंता झाला की ती आकृती दिसली की मी पानच उलटायचे.

मग एका रात्री सहा कळ्यांचा परकर बेतताना कळी, म्हणजे परकराचा एक उभा तुकडा, हातात धरली आणि लक्षात आलं, अगं, हा चौकोन तर आपण रोज कापतोय! वर अरुंद, खाली रुंद, वरची आणि खालची कड समांतर, दोन बाजू तिरक्या. त्या दिवसापासून सूत्रं पाठ करणं सोडलं. घरात नववीतलं पोर असेल, किंवा माझ्यासारखं तुम्हीच इतक्या वर्षांनी पुस्तक उघडलं असेल, तर मी जशी शिकले त्याच क्रमाने सांगते.

काय काय लागेल

जुनं वर्तमानपत्र, कात्री, पट्टी, गुण्या, पेन्सिल आणि खोडरबर. कोनमापक मुद्दाम लांब ठेवा. प्रश्नातली आकृती मापात काढलेली नसते, ती मोजून उत्तर काढायला गेलात तर फसाल.

दोन गोष्टी आधी पक्क्या हव्यात: समांतर रेषा आणि छेदिका (त्यांना छेदणारी रेषा) यांचे कोन, आणि पायथागोरसचं प्रमेय. नववीच्या गणित भाग २ मध्ये 'समांतर रेषा' हे दुसरं प्रकरण आहे आणि 'चौकोन' पाचवं. मी घाईने थेट पाचवं उघडलं होतं. दुसरं कच्चं असेल तर दोन संध्याकाळी तिथे घाला, पुढचे दोन आठवडे वाचतात.

१. आधी समांतर जोडी शोधा

आपल्या पाठ्यपुस्तकात समलंब चौकोन म्हणजे संमुख (समोरासमोरच्या) भुजांची एकच जोडी समांतर असलेला चौकोन. 'एकच' या शब्दावर बोट ठेवा. दोन्ही जोड्या समांतर झाल्या की तो समांतरभुज. कोकणातलं चौपाखी घर आठवा: लांबीकडच्या पाखाला वर आढं, खाली वळचण, दोन्ही समांतर, म्हणून ते पाख समलंब. आखूड बाजूची दोन पाखं त्रिकोणी.

या लेखात सगळीकडे चौकोन अबकड धरू. अब वरची बाजू, डक खालची, आणि या दोघी समांतर. अड डावीकडची तिरकी बाजू, बक उजवीकडची. आकृती काढली की समांतर बाजूंवर बाणाची खूण करा. एवढीशी ती खूण, पण ती न करता पुढे गेले की माझं दहातलं सहा वेळा चुकायचं, कारण पेपरात चौकोन आडवा पाडून दिलेला असतो. कधी समांतर बाजू उभ्या असतात, कधी लांब बाजू वर असते. डोळ्याला खालची बाजू 'पाया' वाटते आणि आपण तिथेच फसतो.

कधी समांतर जोडी दिलेलीच नसते, कोनांवरून काढायची असते. समजा अ, ब, क, ड हे कोन क्रमाने ३ : ४ : ५ : ६ या प्रमाणात आहेत. एकूण १८ भाग, ३६० भागिले १८ म्हणजे २०. कोन आले ६०°, ८०°, १००°, १२०°. आता ∠ब + ∠क = १८०°, म्हणून अब आणि डक समांतर. पण इथे थांबू नका. ∠अ + ∠ब = १४०° आहे, म्हणून अड आणि बक समांतर नाहीत, हेही लिहायचं. हे वाक्य लिहिलं नाही तर तुम्ही 'निदान एक जोडी समांतर आहे' एवढंच दाखवलेलं असतं.

मुलं इंग्रजी व्हिडिओ बघत असतील तर एक सावधगिरी. इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडच्या इंग्रजी पुस्तकांत याला ट्रॅपेझियम म्हणतात, अमेरिकेत ट्रॅपेझॉइड. आणि अमेरिकेत ट्रॅपेझियम म्हटलं की एकही बाजू समांतर नसलेला चौकोन. म्हणून नावावर जाऊ नका, आकृतीतले बाण बघा.

२. कोन काढताना तिरक्या बाजूवरून चाला

आता वर्तमानपत्र घ्या. वर १२ से.मी., खाली ५२ से.मी. आणि उंची ९९ से.मी. अशी माझ्या परकराची कळी असते. कागदावर तुम्ही १, ५ आणि १० घेतलं तरी चालेल. अशा दोन सारख्या कळ्या कापा.

आम्ही कापड वाचवायला कळ्या उलटसुलट लावतो. पहिली सरळ, तिच्या तिरक्या कडेला दुसरीची तिरकी कड भिडवून दुसरी उलटी. (उभ्या वेलीची छपाई असेल तर हे चालत नाही, अर्ध्या कळ्यांवर फुलं डोक्यावर उभी राहतात. मग कापड जास्त लागतं आणि गिऱ्हाईक आपल्यावर डोळे वटारतं.) तर दोन्ही कळ्या अशा भिडवून ठेवा आणि वरची कड बघा. पहिलीची अरुंद कड आणि दुसरीची रुंद कड मिळून एक सरळ रेघ झाली आहे. जिथे त्या जुळतात तिथे पहिलीचा ∠ब आहे आणि त्याला लागून उलटीचा ∠क. रेघ सरळ, म्हणजे दोघांची बेरीज १८०°.

एवढाच नियम आहे: एकाच तिरक्या बाजूच्या दोन टोकांचे कोन मिळून १८०°. म्हणजे ∠अ + ∠ड = १८०° आणि ∠ब + ∠क = १८०°. वहीत कारण लिहायचं ते 'समांतर रेषांचे आंतरकोन'. मी मनात अ वरून निघून तिरक्या बाजूने घसरत ड पर्यंत जाते. समांतर बाजूवरून अ कडून ब कडे चालत गेलात तर तिथे कसलाच ठरावीक नियम नाही.

साधं उदाहरण: ∠ड = ६५°, ∠ब = ११०°. तर ∠अ = ११५° आणि ∠क = ७०°. चौघांची बेरीज ३६०, ठीक.

आता सापळा. ∠अ = (५क्ष − १०)° आणि ∠ड = (२क्ष + ८)° दिलं आहे. घाईत दोन्ही समान धरले तर ३क्ष = १८, क्ष = ६, दोन्ही कोन २०°. किती छान पूर्णांकात आलं! मी असंच उत्तर चौकटीत लिहून खुशीत पुढे गेले होते. खरं समीकरण बेरजेचं: ७क्ष − २ = १८०, क्ष = २६, म्हणून ∠अ = १२०° आणि ∠ड = ६०°. उत्तर सुटसुटीत आलं म्हणजे बरोबर आलं असं नाही. एका तिरक्या बाजूच्या टोकांशी दोन्ही लघुकोन आले तर तिथेच ओळखा की काहीतरी हुकलं, कारण एक लघुकोन असेल तर दुसरा विशालकोनच हवा. नाहीतर दोन्ही काटकोन.

३. समद्विभुज आहे का, ते दिलेलं वाचा

तिरक्या दोन बाजू सारख्या असतील, म्हणजे अड = बक, तर तो समद्विभुज समलंब चौकोन. मग एका समांतर बाजूवरचे दोन कोनही सारखे: ∠ड = ∠क आणि ∠अ = ∠ब. का, ते बघायला अ आणि ब पासून डक वर लंब टाका. दोन्ही लंब सारखे, अड आणि बक सारख्या, कर्णभुजा कसोटीने दोन काटकोन त्रिकोण एकरूप. संपलं.

त्यामुळे समद्विभुजात एक कोन कळला की चारही कळतात. संमुख कोनांची बेरीजही १८०° येते, म्हणून हा चौकोन चक्रीय असतो, म्हणजे त्याचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर बसतात. दहावीला वर्तुळाच्या प्रकरणात हे कामाला येतं.

पण 'समद्विभुज' हा शब्द प्रश्नात हवा, किंवा दोन बाजू सारख्या असल्याचं दिलेलं हवं. आकृती दोन्हीकडून सारखी दिसते म्हणून धरून चालू नका. छापणाऱ्याने सोयीसाठी तशी काढलेली असते.

४. बाजू काढायची असेल तर लंब टाका

हे मी कापड वाया घालवून शिकले. पहिला परकर बेतला तेव्हा कळीच्या मधोमध ९९ से.मी. उंची धरली आणि खालची कड सरळ कापली. शिवून उभा धरला तर सहाही शिवणींपाशी टोकं खाली लोंबत होती. ज्या बाईंकडे शिकत होते त्या म्हणाल्या, "घेराला गोलाई द्यायला विसरलीस." टेपने मोजलं तर प्रत्येक टोक दोन सेंटिमीटर खाली.

ते दोन सेंटिमीटर कुठून आले याचं उत्तर मला वीस वर्षांनी वहीत मिळालं. वर १२, खाली ५२. फरक ४०. कळी दोन्हीकडून सारखी, म्हणून एका बाजूला २०. वरच्या टोकापासून लंब टाकला की काटकोन त्रिकोण तयार होतो: पाया २०, उंची ९९, तिरकी बाजू कर्ण. ४०० + ९८०१ = १०२०१, त्याचं वर्गमूळ १०१. तिरकी कड १०१, मधली उंची ९९. तेच ते दोन सेंटिमीटर.

पेपरातलं गणित याहून वेगळं नसतं. अब = १०, डक = २२, अड = बक = १०. फरक १२, निम्मे ६. उंचीचा वर्ग १०० − ३६ = ६४, उंची ८. क्षेत्रफळ विचारलं तर समांतर बाजूंची बेरीज ३२, गुणिले उंची ८, भागिले २, म्हणजे १२८. हे सूत्रही पाठ करू नका. उलटसुलट लावलेल्या कळ्या आठवा: दोन्ही मिळून एक समांतरभुज चौकोन होतो, त्याचा पाया दोन्ही समांतर बाजूंची बेरीज. एक कळी त्याच्या निम्मी.

इथली नेहमीची चूक म्हणजे उंचीच्या जागी तिरकी बाजू घेणं. वरच्या उदाहरणात ८ च्या जागी १० घेतलं की १६० येतं आणि ते दिसायला अगदी खरं वाटतं.

बाजूऐवजी कोन दिला असेल, ६०° किंवा ४५°, तरी लंबच टाकायचा. समद्विभुजात अड = ६, ∠ड = ६०°, अब = ८ असेल तर ३०°-६०°-९०° च्या प्रमेयाने पाया अडच्या निम्मा, ३. दोन्हीकडचे मिळून ६, म्हणून डक = १४.

५. तिरक्या बाजू वेगवेगळ्या असतील तर एक सरकवा

माझं सर्वात जास्त अडायचं ते इथे, म्हणून सावकाश जाऊ. अब = ११, डक = २५, अड = १३, बक = १५. उंची काढा.

हात आपोआप निम्मं करायला जातो: २५ − ११ = १४, निम्मे ७. करून बघा. डावीकडे उंचीचा वर्ग १६९ − ४९ = १२०, उजवीकडे २२५ − ४९ = १७६. एकाच चौकोनाच्या दोन उंच्या? समलंब या नावातच आहे की लंब सगळीकडे सम. म्हणजे निम्मं करणंच चूक. ते फक्त समद्विभुजात चालतं.

मग काय करायचं? अड ही बाजू उचलून उजवीकडे सरकवा, तिचं वरचं टोक ब वर येईपर्यंत. म्हणजे वहीत ब मधून अडला समांतर रेषा काढा, ती डकला इ मध्ये मिळेल. अबइड हा समांतरभुज झाला, म्हणून डइ = ११ आणि बइ = १३. उरला त्रिकोण बइक: बाजू १३, १५ आणि पाया १४. समलंब चौकोनाचं गणित आता त्रिकोणाचं झालं.

ब पासून पायावर लंब टाका, तो फ मध्ये मिळू दे. इफ = क्ष, तर फक = १४ − क्ष. दोन्हीकडून उंचीचा वर्ग सारखाच यायला हवा:

१६९ − क्ष² = २२५ − (१४ − क्ष)²

उजवीकडचा कंस सोडवला की २२५ − १९६ + २८क्ष − क्ष². दोन्हीकडचे क्ष² गेले. १६९ = २९ + २८क्ष, म्हणून क्ष = ५. उंचीचा वर्ग १६९ − २५ = १४४, उंची १२. दुसरीकडून पडताळा: १४ − ५ = ९, २२५ − ८१ = १४४. जमलं. कंस सोडवताना उणे चिन्ह १९६ आणि २८क्ष दोघांनाही लागतं, त्यातला दुसरा अधिक होतो. ही एक ओळ मी तीनदा खोडली होती.

भास्कराचार्यांनी लीलावतीत, म्हणजे ११५० साली, हीच युक्ती सांगितली आहे. ते वरच्या बाजूला मुख म्हणतात, खालच्या बाजूला भूमी, आणि अशा चौकोनाला समानलंब. भूमीतून मुख वजा करा, उरेल ती त्रिकोणाची भूमी माना, चौकोनाच्या भुजा त्याच्या भुजा, आणि लंब काढा. हे वाचल्यावर मला आपण फार मागे पडलोय असं वाटणं बंद झालं.

६. तिरक्या बाजूंचे मध्यबिंदू जोडले असतील तर

अड चा मध्यबिंदू प आणि बक चा र. रेख पर ही दोन्ही समांतर बाजूंना समांतर असते आणि तिची लांबी त्या दोघींच्या बेरजेच्या निम्मी. माझ्या कळीची मधली रुंदी (१२ + ५२) ÷ २ = ३२. टेप लावून बघितलं आहे.

पेपरात हे बहुधा उलटं विचारतात. पर = १४, अब = ९, डक किती? दुप्पट करा, २८, त्यातून ९ वजा, १९. मुलं १४ मधूनच ९ वजा करून ५ लिहितात. गंमत म्हणजे ५ ही या चौकोनात दुसऱ्याच एका रेषेची लांबी आहे: दोन कर्णांचे (इथे कर्ण म्हणजे चौकोनाचे समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेषा) मध्यबिंदू जोडले तर ती रेषा समांतर बाजूंच्या फरकाच्या निम्मी, (१९ − ९) ÷ २ = ५. म्हणून 'बाजूंचे मध्यबिंदू' लिहिलंय की 'कर्णांचे', ते दोनदा वाचा.

७. कर्ण

समद्विभुजात दोन्ही कर्ण सारखे असतात. पण कुठल्याही समलंब चौकोनात ते एकमेकांना दुभागत नाहीत. दुभागायला लागले तर तो समांतरभुज झाला. ते छेदतात समांतर बाजूंच्या प्रमाणात. अब = ६, डक = १५, कर्ण अक = १४, छेदनबिंदू म. त्रिकोण अबम आणि त्रिकोण कडम समरूप (व्युत्क्रम कोन सारखे), म्हणून अम : मक = ६ : १५ = २ : ५. तर अम = ४, मक = १०. आखूड तुकडा आखूड बाजूकडे, एवढं ध्यानात ठेवलं की प्रमाण उलटं लिहिलं जात नाही.

८. पेपरात लिहिताना

भूमितीचा लेखी पेपर ४० गुणांचा आणि वेळ दोन तास. आकृती पेन्सिलने, समांतर बाजूंवर बाण, आणि स्वतः टाकलेला लंब किंवा समांतर रेषा तुटक. 'रचना' म्हणून एका ओळीत ती लिहायची, नाहीतर इ आणि फ हे बिंदू तपासणाऱ्याला कुठून आले ते कळत नाही. प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण. माझ्या एका सराव पेपरात सगळी उत्तरं बरोबर होती आणि कारण एकही नव्हतं. गुण बघून मी तो पेपर घरी कुणाला दाखवला नाही.

आता तुम्ही करून बघा

पहिलं: समद्विभुज समलंब चौकोनात ∠ड = ७२°. उरलेले कोन? (७२°, १०८°, १०८°)

दुसरं: अब = ७, डक = १७, अड = बक = १३. उंची, क्षेत्रफळ आणि कर्ण काढा. (१२, १४४, १२√२. कर्णासाठी काटकोन त्रिकोणाचा पाया ५ नाही, ५ + ७ = १२. हे दिसत नसेल तर आकृती मोठी काढा.)

तिसरं माझ्या दुकानातलं: आठ कळ्यांचा परकर, कंबर ८० से.मी., प्रत्येक कळीची मधली रुंदी २० से.मी. खालचा घेर किती? (कळी वर १०, म्हणून खाली ३०. घेर २४० से.मी. यात शिवणीची माया, म्हणजे शिवणीत आत जाणारी कड, धरलेली नाही, कापड आणायला जाल तेव्हा ती वेगळी धरा.)